रा. रा. महिरपी कंस यांस

मराठी माणसाला समीक्षेची हौस दांडगी. नाटकाचा पहिला अंक संपायच्या आत त्याची दुसऱ्या अंकावरची समीक्षा तयार असते, आणि पंगतीत मठ्ठ्याचा घोट घेता घेता तो जिलबीच्या पाकावर अभिप्राय देऊन मोकळा होतो. कादंबरीपासून केळवणाच्या बेतापर्यंत कशावरही बोलायला आपली ना नसते. तरीसुद्धा एक वाङ्मयप्रकार समीक्षकांच्या तावडीतून आजवर निसटलेला आहे. तो रोज ढिगांनी प्रसिद्ध होतो, फुकट घरपोच मिळतो, आणि आपली तरुण मुलं तो रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी दात घासण्यापूर्वी, अशी दोन वेळा अगदी नेमानं वाचतात. नोकरी देणाऱ्यांनी (किंवा देतो असं म्हणणाऱ्यांनी) नोकरी शोधणाऱ्यांना ईमेलवरून, मोबाइलवरून, लिंक्डइनवरून पाठवलेले निरोप, हा तो वाङ्मयप्रकार.

त्याच्या लेखकाला रिक्रूटर म्हणतात. पूर्वी हा शब्द पलटणीत भरती करणाऱ्याला लागायचा. तो निदान समोर उभं करून छाती मोजायचा. हा छातीही मोजत नाही आणि नावही वाचत नाही.

या वाङ्मयाचा माझा व्यासंग गेल्या वर्षभरातला. माझी भाची पुण्याला आमच्याकडे राहते. एका सॉफ्टवेअर कंपनीत तिने 7 वर्षं नोकरी केली, आणि मग एका शुक्रवारी कंपनीने तिच्यासकट तिचा अख्खा विभागच बंद केला. तेव्हापासून ती दुसरी नोकरी शोधते आहे. मी एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत 1978 साली चिकटलो तो 2012 साली सुटलो. उमेदवारांना मुलाखतीची पत्रं धाडणाऱ्या टेबलाच्या शेजारीच माझी उमर गेली. तेव्हा एके दिवशी कुतूहल म्हणून मी तिला म्हटलं, “अगं, तुला येतात ती पत्रं मला दाखव की.” ती म्हणाली, “मामा, रक्तदाब वाढेल तुझा.” मी म्हटलं, “वाढू दे.” तो वाढला.

पहिलंच पत्र असं होतं. ‘डिअर’, त्यापुढे एक महिरपी कंस, कंसात ‘फर्स्ट नेम’ हे दोन शब्द, मग महिरपी कंस पूर्ण. त्याखाली मजकूर : ‘आम्ही तुमची माहिती अत्यंत बारकाईने वाचली असून खास तुमच्यासाठीच ही संधी घेऊन आलो आहोत.’

“हा कंस कोण?” मी विचारलं.

“तू मामा ना? मग तुला माहीत हवा,” भाची म्हणाली.

मग तिने मला ती कळ समजावून सांगितली. पत्र एकच लिहायचं, नावाच्या जागी कंस ठेवायचे, आणि शेजारी हजार-दोन हजार नावांची यादी ठेवायची. यंत्र एकेक नाव उचलून कंसात बसवतं आणि पत्र रवाना करतं. यादीचा रकाना चुकला किंवा यादी जोडायचीच राहिली, तर कंस तसाच्या तसा जातो. आपल्याकडे गणपतीत महिरप करतात ती आत मूर्ती बसवायची म्हणून. इथे महिरप आहे, मखर आहे, विजेच्या माळा आहेत, आरतीही सुरू झालेली आहे. गणपती आणायचा तेवढा राहिलाय.

तुम्ही म्हणाल, साचेबंद पत्रं आधी नव्हती का? होती तर! आपला अख्खा मराठी पत्रव्यवहारच साच्यातला. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असं लिहिणारा माणूस प्रत्यक्षात पालथा पडून लिहीत नव्हता, आणि ‘लोभ असावा’ म्हणणाऱ्याला पुष्कळदा लोभ नको असायचा, उसने दिलेले पैसे परत हवे असायचे. तारखात्याने तर शुभेच्छांना नंबर देऊन ठेवले होते. नुसता आकडा दिला की पलीकडे वधूवरांना सुखी संसाराच्या शुभेच्छा पोहोचायच्या. 2013 साली तार बंद झाली तोवर ही सोय होती. पण वधूचं नाव नंबरात नसायचं, ते लिहावंच लागायचं. आणि मायना तर विचारूच नका. तीर्थरूप कोणाला आणि तीर्थस्वरूप कोणाला, चिरंजीव कुठवर आणि श्रीयुत कुठून, सौभाग्यवती लिहायचं की गंगाभागीरथी, याचा निर्णय केल्याशिवाय पुढली ओळ लिहिता येत नसे. माणूस वडील की धाकटा, नात्यातला की परका, त्या घरात यंदा काही बरं-वाईट झालं आहे का, हे सगळं कळलेलं असावं लागे. मायना चुकला तर काका पुढली तीन वर्षं श्राद्धालासुद्धा येत नसत.

आमच्या कचेरीत मुलाखतीच्या पत्राचा सायक्लोस्टाइल केलेला नमुना असे. वर ‘श्री./श्रीमती/कुमारी’ असं छापलेलं, आणि तळाला बारीक अक्षरात ‘लागू नसेल ते खोडावे’. नाव टंकलेखक घालायचा. त्या टेबलावर एकदा एक नवा गडी आला. त्याला खोडण्याचा कंटाळा. एका उमेदवाराला आमच्याकडून ‘श्री./श्रीमती/कुमारी’ अशा तिन्ही अवस्थांतलं पत्र निघालं. जावक बारनिशीत ते चढवताना अधीक्षकांच्या नजरेस पडलं. त्यांनी त्या गड्याला बोलावून अगदी हळू आवाजात विचारलं, “मस्टरवर सही करताना शेजारच्या दोघांच्या नावावर करून येता का हो?” पत्र परत टाइप झालं. मी काही त्या काळाला सोन्याचा मुलामा देत नाही. आमची शुद्ध, निर्दोष, तपासलेली पत्रं कित्येकदा मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी पोहोचायची. पण ज्याला पोहोचायची, त्याचं नाव त्याच्या आईबापांनी ठेवलं होतं तेच असायचं.

आता हे नावाचं प्रकरण. आपली मराठी नावं त्रिखंडी. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. शाळेच्या दाखल्यावर मात्र आडनाव आधी. त्यामुळे संगणकाच्या फॉर्ममध्ये ‘फर्स्ट नेम’ म्हणून जे काही पडतं, ते यमालाही कळू नये. भाचीला ‘डिअर मिस्टर’ म्हणून पत्रं येतात. नुसत्या आडनावाने येतात, जणू शाळेतले पीटीचे मास्तर हजेरी घेताहेत. नोकरी डॉट कॉमची एक जाहिरात टीव्हीवर फार गाजली होती. तिच्यात एक नोकर टेलिफोनवर आपल्या खडूस साहेबाच्या ‘हरि साडू’ या नावातल्या ‘हरि’चं एकेक अक्षर, एकेका शेलक्या शब्दानिशी सांगतो. अपमान खरा, पण अक्षर एकही चुकलेलं नाही! रागावण्यासाठीसुद्धा आधी समोरच्याचं नाव नीट माहीत असावं लागतं.

आणि एकदा पत्र आलं ते भाचीच्या वडिलांच्या नावाने. ‘डिअर’, आणि पुढे आमच्या भाऊजींचं नाव. भाऊजी जाऊन 6 वर्षं झाली. त्यांनी उभा जन्म एका गिरणीच्या हिशेबखात्यात काढला, गिरणी बंद पडल्यावर दोन वर्षं दारोदार फिरले, आणि शेवटी एका दुकानात वह्या लिहायला बसले. ‘तुमचा अनुभव आणि तुमची जिद्द यांनी आम्ही थक्क झालो आहोत, आपण आमच्या संस्थेत यावं अशी आमची मनापासून इच्छा आहे,’ असं त्या पत्रात लिहिलं होतं. भाचीने ते दोनदा वाचलं. म्हणाली, “मामा, बाबांना हे तेव्हा आलं असतं ना...” आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली. तिने बाकीची तसली पत्रं पुसून टाकली आहेत. हे अजून ठेवलेलं आहे.

कार्बन पेपर नावाची वस्तू आता कोणाला आठवत असेल की नाही, कोण जाणे. आम्ही त्यावर नोकऱ्या केल्या. तो कागद गेला, पण त्याचं नाव ईमेलमध्ये ‘सीसी’ म्हणून शिल्लक आहे : कार्बन कॉपी. तिची एक अंध बहीण आहे, ‘बीसीसी’. तिच्या रकान्यात पत्ते घातले की कोणाला कोणाला पत्र गेलं ते एकमेकांना दिसत नाही. भाची अजून नोकरीत होती तेव्हाची गोष्ट. ती गुपचूप दुसरीकडे नोकरी शोधत होती. एका सोमवारी तिला एक पत्र आलं. जागा चांगली, पगार बरा, आणि वर पत्ते दीडशे, सगळे उघडे. वाचता वाचता सदतिसाव्या पत्त्यावर ती थबकली. तो तिच्या साहेबांचा होता! म्हणजे साहेबही शोधत होते! आणि साहेबांनाही एव्हाना तिचा पत्ता दिसलेला असणार. दुसऱ्या दिवशी दोघं ऑफिसात समोरासमोर आली. कोणीच काही बोललं नाही. तेव्हापासून कंपनी बंद होईपर्यंत साहेब तिच्याशी इतके अदबीने वागले, की बाकीच्यांना वाटलं हिला बढती मिळणार.

हा किस्सा आम्ही हसत हसत सांगतो. पण त्या दीडशेतल्या एखाद्याचा साहेब स्वतः नोकरी शोधणारा नसेल, नुसताच साहेब असेल आणि ते पत्र फिरत फिरत त्याच्यापर्यंत गेलं असेल, तर त्या एखाद्याचं काय झालं असेल? माणसाची खाजगी माहिती जपावी म्हणून आपल्या संसदेने 2023 साली कायदा केला. तो कायदा बीसीसीच्या रकान्यात बोट धरून नेऊन सोडील, अशी आशा मी करत नाही.

आता आशयाकडे वळू. एखादी कथा किती चांगली हे पाहताना समीक्षक विचारतात, लेखकाला आपल्या विषयाची जाण आहे का? इथे उत्तर सोपं आहे. संगणकाच्या क्षेत्रात जावा नावाची एक भाषा आहे आणि जावास्क्रिप्ट नावाची दुसरी. दोन्ही 1995 साली जगापुढे आल्या, आणि दुसरीला ते नाव मिळालं ते पहिलीचा बोलबाला होता म्हणून. त्यापलीकडे त्यांचा संबंध आंबा आणि आंबेहळदीइतकाच. मराठीत जावा म्हणजे सख्ख्या भावांच्या बायका. त्यांचं पटत नसलं तरी नातं तरी असतं. या दोघींचं तेही नाही. भाचीच्या माहितीत पहिल्याच ओळीत ‘जावास्क्रिप्ट’ असं लिहिलेलं आहे. तिला आजवर आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांत जावाची जागा देऊ केलेली आहे.

पण या बाबतीत भाचीपेक्षा आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांचा अनुभव मोठा. ते भोसरीला एमआयडीसीत ट्रकचे पाटे तयार करणाऱ्या कारखान्यात आहेत. पाटे म्हणजे तेच, खड्ड्यात चाक गेलं की जे कुरकुरतात ते. इंग्रजीत लीफ स्प्रिंग. त्यांच्या मुलाने हौसेने त्यांची माहिती संगणकावर चढवली : ‘स्प्रिंग, अनुभव 28 वर्षं.’ आठवड्याच्या आत त्यांना बंगलोरहून निरोप आला. ‘स्प्रिंगमधला आपला 28 वर्षांचा अनुभव पाहून आम्ही प्रभावित झालो आहोत.’ गृहस्थ खूश. आजवर त्यांच्या पाट्यांनी फक्त ट्रकवालेच प्रभावित होत आले होते. मग एका मुलीचा फोन आला. म्हणाली, “सर, स्प्रिंग बूट?” हे म्हणाले, “सेफ्टी बूट आहे. कंपनीच देते, वर्षाला एक जोड.” ती म्हणाली, “ओके सर, म्हणजे बूट आहे,” आणि तिने पलीकडे काहीतरी टिपून घेतलं. पुढली मुलाखत ठरली. मुलाखतीच्या दिवशी समोरच्या मुलाने “पहिल्यापासून सांगा” म्हटल्यावर यांनी भट्टीच्या तापमानापासून सुरुवात केली. 10 मिनिटांनी दोघांच्याही लक्षात आलं. स्प्रिंग हे जावातल्या कामासाठी वापरायच्या एका तयार चौकटीचं नाव आहे, आणि स्प्रिंग बूट हे तिचंच पुढलं भावंड. तो मुलगा सज्जन. तो म्हणाला, “सर, माझ्या गाडीचा मागून आवाज येतो, काय असेल?” यांनी त्याला तेही सांगितलं.

न्हावाशेव्याच्या बंदरात कंटेनर हलवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला असंच ‘कंटेनर आणि डॉकर’चं बोलावणं आलं होतं. तो बिचारा म्हणाला, डॉकमध्ये तर मी आहेच!

2020 सालची एक गोष्ट जगजाहीर आहे. ‘फास्ट एपीआय’ नावाचं संगणकातलं एक साधन सेबास्तियन रामिरेझ नावाच्या गृहस्थांनी तयार केलं. त्यांना एक जाहिरात दिसली, तिच्यात या साधनाचा किमान 4 वर्षांचा अनुभव मागितला होता. रामिरेझ यांनी जाहीर लिहिलं की मला इथे अर्ज करता येत नाही, माझा अनुभव दीडच वर्षाचा आहे; कारण ते साधन मी निर्माण केलं त्यालाच दीड वर्ष झालं. म्हणजे सृष्टीची जागा भरायची होती आणि ब्रह्मदेवाला अनुभव कमी पडला.

भूगोलाबद्दल फार लिहीत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी गावच्या एका मुलाला ‘आपण आमच्या कार्यालयापासून चालत 10 मिनिटांवर राहता’ असं पत्र आलं होतं. कार्यालय नव्या मुंबईच्या वाशीला. त्या मुलाने उत्तर दिलं, “येतो, पण 10 मिनिटांत पोहोचायचं तर आत्ताच निघायला हवं.”

शुद्धलेखनाबद्दल तर मी मुळीच तक्रार करणार नाही. आयुष्यभर मुद्राराक्षसाच्या संगतीत राहिलेला माणूस मी. इंग्रजी ‘मॅनेजर’ या शब्दातलं मधलं एक ‘ए’ गळलं की त्याचा अर्थ गुरांची गव्हाण असा होतो, हे मला शब्दकोशात पाहूनच कळलं. भाचीला आजवर तीन ठिकाणी ‘सीनियर गव्हाण’ आणि एका ठिकाणी ‘असिस्टंट गव्हाण’ होण्याचं आमंत्रण आहे. आमची सौ. म्हणाली, “सीनियरच घे. चारा तरी जास्त मिळेल.” आणि ‘पब्लिक’ या शब्दातलं ‘एल’ गळलं की काय होतं, ते ज्यांना इंग्रजी येतं त्यांनी आपापल्या घरी, मुलं झोपल्यावर लिहून पाहावं.

तक्रार आहे ती दुसरी. याच मंडळींनी उमेदवारांसाठी लिहिलेला उपदेश मी वाचला आहे. तुमच्या अर्जात एक जरी चूक आढळली तरी तो बाजूला पडू शकतो. चूक म्हणजे बेपर्वाई. ज्याला स्वतःच्या अर्जाकडे नीट लक्ष देता येत नाही तो आमच्या कामाकडे काय देणार? बिनतोड मुद्दा आहे. भाची आपला दीड पानी अर्ज रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तपासत बसते. एक स्वल्पविराम आत घेते, बाहेर काढते. मला उठवून विचारते, “मामा, इथे पूर्णविराम हवा का रे?” आणि तिने तो स्वल्पविराम जागेवर बसवून पाठवला, की पलीकडून ‘डिअर महिरपी कंस’ येतो. परीक्षा एकाच बाजूची असते. परीक्षकाचा पेपर कोणी तपासत नाही.

एकदा मी चिडून भाचीच्या फोनवरून अशाच एका पत्राच्या खालच्या नंबराला फोन लावला. दिल्लीकडची एक मुलगी होती, आवाजावरून बावीस-तेविसाची. मी माझ्या आस्थापना शाखेच्या हिंदीत तिला मायन्याचं महत्त्व समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अंकल, बरोबर आहे तुमचं. पण मी त्या कंपनीची नाही. कंपनीने काम एका एजन्सीला दिलंय, तिने दुसरीला, तिथे मी आहे. दिवसाकाठी इतके निरोप गेलेच पाहिजेत असा हिशेब आहे. तो भरला नाही तर महिनाअखेर मलाच जावं लागेल. जावा म्हणजे काय ते मला कोणी सांगितलेलं नाही. कागदावर जे शब्द दिलेत ते मी शोधते.” मी गप्प. ती क्षणभर थांबून म्हणाली, “अंकल, तुमच्या ओळखीत कुठे जागा असली तर सांगाल? माझं बी.कॉम. झालंय.” माझा रक्तदाब त्या दिवशी एकदम उतरला. या वाङ्मयाचा खरा लेखक तिच्या खूप वर, काचेच्या खोलीत बसलेला असतो. त्याचं नाव पत्राखाली नसतं.

2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं, आणि त्यानंतर या वाङ्मयात एक नवं वळण आलं. भाषा एकाएकी गुळगुळीत झाली. गव्हाणी गेल्या. कंस भरले. आता पत्रात प्रस्तावना असते, उपमा असते, आणि मुख्य म्हणजे कौतुक असतं. ‘वाळवंटी वनस्पतींवरचं आपलं संशोधन वाचून मी अंतर्मुख झाले,’ असं भाचीला परवा आलं. भाचीच्या हातून आमच्या गॅलरीतली तुळससुद्धा दोनदा वाळलेली आहे. त्याच नाव-आडनावाची कोणी वनस्पतिशास्त्रातली बाई असणार. आधी निदान कंस दिसायचा, म्हणून आपल्याला कोणी ओळखलेलं नाही हे पहिल्या ओळीतच कळायचं. आता त्यासाठी अख्खं पत्र वाचावं लागतं.

नकाराची पत्रं हा मात्र या वाङ्मयाचा शोकान्त विभाग, आणि समीक्षकाने तिथे जरा जपून पाऊल टाकावं. ती मुळात येतच नाहीत. आली तर ‘डिअर कँडिडेट’ म्हणून येतात, आणि ‘आम्ही आपल्या अर्जाचा सांगोपांग विचार केला’ असं सांगतात. भाचीने एकदा रात्री 1 वाजून 40 मिनिटांनी अर्ज धाडला, त्याचा सांगोपांग विचार 1 वाजून 42 मिनिटांनी पुरा झाला होता. चुकीच्या माणसाला चुकीचं पत्र जाणं तर मोठमोठ्यांच्या घरीही घडलेलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेने 2009 साली, प्रवेश नाकारलेल्या सुमारे 28,000 मुलांना ‘या, आपलं स्वागत आहे’ असा ईमेल धाडला आणि मग काही तासांनी माफी मागितली. 2012 साली अविवा इन्व्हेस्टर्स कंपनीत एकाच कर्मचाऱ्यासाठी लिहिलेला नोकरी संपल्याचा ईमेल जगभरच्या सुमारे 1,300 जणांना गेला. तिथेही लगेच माफी. ‘आधीचा निरोप रद्द समजावा’ हे या वाङ्मयाचं शुद्धिपत्र. जुन्या पुस्तकांत ते शेवटच्या पानावर असायचं आणि ‘पान 42, ओळ 7’ असं सांगायचं. इथे पान 42 वर कोणाचा तरी जीव टांगलेला असतो.

गेल्या महिन्यात भाचीची एका कंपनीत निवड जवळजवळ ठरली होती. सहा आठवड्यांत चार मुलाखती झाल्या. चौथ्या वेळी त्यांनी तिला ‘सामान हलवायला किती दिवस लागतील’ असंही विचारलं. मग 11 दिवस काहीच नाही. ती जेवताना मोबाइल ताटाशेजारी पालथा ठेवायची, आणि दर दोन घासांनी उलटून बघायची. बाराव्या दिवशी संध्याकाळी पत्र आलं. ‘डिअर रोहित, आपण दिलेल्या वेळाबद्दल आभारी आहोत. या वेळी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे.’

आमच्या घरात दोन मिनिटं कोणी बोलेना. मग सौ. म्हणाली, “अगं, रोहितला नाही म्हटलंय! म्हणजे दुसरा उमेदवार तूच की!” तर्काला तोड नव्हती. रवा भाजल्याचा वास यायला लागला. मीसुद्धा, आस्थापना शाखेत 34 वर्षं काढलेला माणूस, त्या शिऱ्याची वाट बघत बसलो. भाची एकटीच त्या कागदाकडे, म्हणजे पडद्याकडे बघत होती. ती म्हणाली, “मामी, पत्ता माझा आहे, नाव त्याचं. यातलं चुकलंय काय, पत्ता की नाव?”

कंपनीला फोन लावला. तो उचलायला माणूस नव्हता, ‘एक दाबा, दोन दाबा’ होतं. शेवटी तिने त्या पत्राला उत्तर लिहिलं. तीन ओळी, एकही चूक नाही. मी रोहित नाही. माझ्या अर्जाचं काय झालं ते कृपया कळवावं. आणि हे पत्र रोहित यांच्यासाठी असेल, तर ते वाट पाहत असतील, त्यांना आजच कळवावं.

मिनिटाभरात उत्तर आलं. ‘डिअर रोहित, आपल्या निरोपाबद्दल धन्यवाद. आमचा प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधेल.’

आम्ही शिरा खाल्ला. साखर जरा जास्त पडली होती. वाटी खाली ठेवून भाची म्हणाली, “मामा, हा रोहित कुठे शोधता येईल रे?” लिंक्डइनवर रोहित नावाची माणसं किती असतात म्हणता! त्यातले तिच्या कामातले वेगळे काढले, त्यातले सध्या नोकरी शोधणारे वेगळे काढले, तरी संपेनात. रात्री साडेबारापर्यंत आम्ही दोघं एकेकाचा फोटो बघत बसलो होतो.